समाजशास्त्रवाल्यांनी पर्यावरणात इंटर्नशिप कुठं करावी? माझं उत्तर: आधी सोलापुरातच

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सोलापुरात एमए समाजशास्त्राचं पहिलं वर्ष चालू आहे, वडील यंत्रमागावर, घरी तेलुगू बोलतात. दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातली चार क्रेडिटची इंटर्नशिप, करायचंय आणि ते पर्यावरण किंवा वन्यजीव या क्षेत्रातच करायचंय, पण वर्गातले म्हणतात त्याला झूलॉजी नाहीतर बॉटनी लागतं. पुण्या-दिल्लीला जाऊन फुकट राबणं परवडत नाही, इंग्लिश जेमतेम. तर ताई, काय करू?

मी बरीच वर्षं या कामात आहे आणि दरवर्षी इंटर्न मुलंमुली माझ्याकडे येतात, त्यामुळं जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी ते झूलॉजीचं डोक्यातून काढ. माळावर काळवीट किती, लांडग्याची पिल्लं किती जगली, हे मोजायला जीवशास्त्रवाले लागतात, बरोबर आहे. पण अभयारण्य झालं म्हणून कुणाचं चराईचं कुरण बंद झालं, नुकसान भरपाईचा अर्ज कोण करतो आणि कोण करतच नाही, ग्रामसभेत कुणाचं ऐकतात आणि कुणाला मागं बसवतात, वनरक्षक गावात आल्यावर लोक मोकळं बोलतात की गप्प होतात, हे सगळं समाजशास्त्र आहे, आणि बहुतेक ठिकाणी संवर्धन अडतं ते इथंच अडतं. पक्ष्याबद्दल माहिती कमी पडली म्हणून सहसा अडत नाही, माणसांशी नीट बोलणं झालं नाही म्हणून अडतं. यालाच आता कॉन्झर्वेशन सोशल सायन्स म्हणतात, देशातल्या चांगल्या संस्थांमधे त्याच्या स्वतंत्र टीम आहेत, आणि तिथं एमए समाजशास्त्र, अर्थशास्त्र, एमएसडब्ल्यू, कायदा केलेले लोक काम करतात.

दुसरं, पहिली इंटर्नशिप सोलापूर जिल्ह्यातच कर. परवडत नाही म्हणून नाईलाजानं कर असं मी म्हणत नाहीये. काखेत कळसा नि गावाला वळसा अशी आपली गत आहे, कारण हा विषय शिकायला नान्नजपेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. बार्शी रोडनं एसटीत बसलीस की वीसेक किलोमीटरवर नान्नज. लोकांना ते द्राक्षांमुळं माहीत असतं, सोनाका जात तिथलीच, आणि त्याच नान्नजला माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठीचं अभयारण्य आहे. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा कागदावरचं क्षेत्र होतं जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात गेले, त्यात शेतं होती, गावं होती, विहिरी, रस्ते, सगळंच होतं. प्रत्यक्ष राखीव माळ मात्र तुकड्या तुकड्यांत, थोडासाच. मग कित्येक वर्षं लोकांची एकच तक्रार, जमिनीची खरेदी-विक्री अडते, बांधकाम अडतं, माळढोक माळढोक करून आमचं वाटोळं केलं. शेवटी हे क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं, पक्षी कमी होत होत आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

आता बघ यात अभ्यासाला किती गोष्टी आहेत. ज्या पक्ष्याला वाचवायचं त्याच्याच नावानं लोकांच्या मनात राग बसला, हे कसं झालं? माळढोक साधारण एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, म्हणजे त्याला शांत मोकळा माळ हवा, आणि तो माळ सरकारी नोंदीत ‘पडीक’. पडीक म्हटलं की कुणीही येऊन काहीही करावं, झाडं लावा, एमआयडीसी टाका, सोलर टाका. माळावर दाट झाडं लावली की माळढोकाला तिथं राहता येत नाही, पण वृक्षारोपण म्हणजे चांगलंच काम अशी आपल्याकडं ठाम समजूत, त्यामुळं विरोध करणाराच वेडा ठरतो. आणि सोलरचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. राजस्थान-गुजरातमधे सोलरसारख्या प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून २०२१ मधे कोर्टानं तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला, मग मार्च २०२४ मधे तोच आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे असंही म्हटलं. एका पक्ष्याभोवती वन्यजीव कायदा, ऊर्जा धोरण, जमिनीचे हक्क असं सगळं गोळा झालंय. पर्यावरण धोरण शिकायला यापेक्षा जास्त काय पाहिजे.

पण इंटर्नशिपला एवढा मोठा विषय घ्यायचा नाही, हे मात्र नीट ऐक. मुलं येतात ती “मानव-वन्यजीव संघर्ष : एक अभ्यास” असं काहीतरी शीर्षक घेऊन येतात, आणि त्यातून काहीही निघत नाही. चार क्रेडिटला एका क्रेडिटचे तीस तास धरले तर तुझ्या हातात १२० तास आहेत, त्यात एकच छोटा प्रश्न बसतो. तू करू शकशील असा एक सांगते.

लांडग्यानं मेंढी मारली तर वनविभाग नुकसान भरपाई देतो. नियम असा की ४८ तासांच्या आत कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, मग पंचनामा, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला, बँक खातं, वगैरे. आता हे एखाद्या धनगराच्या वाड्याला लावून बघ. वाडा म्हणजे घर नव्हे, फिरतीवर असलेला मेंढ्यांचा कळप आणि त्याच्यासोबतची दोन-चार कुटुंबं. आज या शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्या, खत झालं, परवा दुसऱ्या गावाला. रात्री वाघर लावलेली, म्हणजे जाळीचं कुंपण, तरी एखादं कोकरू गेलंच. आता वनरक्षक येईपर्यंत तिथंच थांबायचं म्हटलं तर बाकीच्या दोनशे मेंढ्यांनी खायचं काय, आणि ज्याच्या रानात बसलोय तो शेतकरी किती दिवस बसू देणार? शिवाय लांडगा बऱ्याचदा कोकरू उचलून घेऊनच जातो, पंचनामा कशाचा करायचा, रक्ताच्या थेंबांचा? म्हणजे योजना आहे, पैसेही आहेत, पण ती एका जागी राहणाऱ्या माणसाच्या हिशोबानं लिहिलेली आहे. तर तुझा प्रश्न असा होऊ शकतो, की उत्तर सोलापूर तालुक्यात फिरते मेंढपाळ भरपाईचा अर्ज का करत नाहीत, आणि जे करतात त्यांचं नेमकं कुठल्या पायरीवर अडतं. झालं. पंधरा-वीस माणसांशी नीट बोललीस आणि एक कागद नीट तयार केलास तर ते वनविभागाच्या टेबलवर ठेवण्यासारखं काम होतं.

बोलायचं कसं, यावर जरा थांबते कारण सगळी गंमत यात आहे. प्रश्नावली छापून नेली आणि “लांडग्यामुळं तुमचं नुकसान होतं का? हो / नाही” असं विचारलं की शंभर टक्के उत्तर हो येणार, कारण समोरच्याला वाटतं ही पोरगी सरकारकडून आलीय, लिहून घेतेय, तर काहीतरी मिळेल. त्याऐवजी विचार, “मागच्या पावसाळ्यात वाडा कुठं कुठं होता?” मग माणूस गावं सांगायला लागतो, मार्डी, कारंबा, वडाळा, अकोलेकाटी, आणि प्रत्येक गावाला एक गोष्ट चिकटलेली असते, इथं पाणी नव्हतं, इथं पाटलानं बसू दिलं नाही, इथं दोन कोकरं गेली. तुला जे हवंय ते आपोआप येतं, आणि कुठं, कधी, कोण होतं, कळवलं की नाही, हे तपशील सुद्धा येतात. बऱ्याच मेंढपाळांकडून हेही ऐकशील की लांडग्याचा वाटा असतोच. राग आणि ही मान्यता दोन्ही एकाच माणसात असतात आणि प्रश्नावलीत त्याला चौकोन नसतो. ते त्याच्याच शब्दात लिही, तुझ्या शब्दात सुधारून लिहू नकोस.

आणि बायकांशी बोल. मार्ग, सौदा, रान ठरवणं हे पुरुष सांगतील, पण कोकरं सांभाळणं, रात्री कुत्रं कधी भुंकलं, कुठलं कोकरू आजारी होतं, किती गेली, हा हिशोब बाईच्या डोक्यात असतो. पुरुष इंटर्नना तिथवर पोचायला वेळ लागतो, तुला चहा मिळेल आणि चुलीपाशी बसायला मिळेल. याचा उपयोग करून घे.

बोलण्याआधी मात्र आपण कोण, कशासाठी आलोय, यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, नाव लिहू की नको, नको असेल तर मधेच थांबा म्हणा, हे सगळं साध्या मराठीत सांगायचं, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता. मेंढपाळ गायरानात किंवा वनजमिनीवर चारत असेल तर तो जे सांगतोय त्यामुळं त्याच्यावर दंड बसू शकतो, हे लक्षात ठेव, म्हणून नाव-गाव कोडमधे लिहायचं आणि वही कुणालाही दाखवायची नाही, अगदी गाईड सरांना सुद्धा नाही. लांडग्याची गुहा किंवा कुठलं घरटं दिसलं तर लोकेशन इन्स्टावर टाकायचं नाही. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

आता धोरणाची बाजू. पॉलिसी म्हटलं की मुलांना दिल्ली दिसते, पण धोरण प्रत्यक्षात दिसतं ते जीआर (शासन निर्णय), अर्ज, पंचनामा आणि बैठकीच्या मिनिट्समधे. पहिल्याच आठवड्यात भरपाईचा चालू जीआर काढून घे, पूर्ण वाच, आणि एका पानावर पायऱ्या लिही, कोण, काय, किती दिवसात. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये फी आहे, आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत पशुधन भरपाईचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर आणि कारण काय. उत्तराला कायद्यानं ३० दिवस असतात म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात जायला हवा, शेवटी टाकलास तर वरातीमागून घोडं. वन हक्क कायदा २००६ सुद्धा बघ, त्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि हे मेंढपाळांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणखी एक, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-गवत-प्राण्यांची आणि त्यांच्या वापराची नोंद, असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, मुदत घातल्यावर बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईत भरल्या गेल्या. नान्नज परिसरातल्या एखाद्या गावची नोंदवही मागून बघ, त्यात कुसळी-पवन्यासारखं गवत आहे का, चराईच्या जागा आहेत का, मेंढपाळाला कुणी विचारलं होतं का. हा सुद्धा अख्खा वेगळा प्रोजेक्ट होऊ शकतो.

तुला माळावर जायला जमणार नसेल, घरून परवानगी नसेल, तर हिरमुसून जाऊ नकोस, पर्यावरण शहरातही आहेच की. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत तुला माहीतच आहे. रोज ५००० टन किंवा जास्त गाळपाचा कारखाना असेल तर पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाबद्दलच्या २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण मंजुरी लागते आणि साधारणपणे जनसुनावणी होते, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, तीस दिवस आधी नोटीस निघते, त्या अभ्यासाच्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. अशा एका सुनावणीला जाऊन नुसतं बस. कोण बोललं, काय बोललं, आणि नंतर परिवेश या केंद्र सरकारच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर जे इतिवृत्त चढलं त्यात त्यातलं काय उतरलं, एवढं शेजारी शेजारी लिहिलंस तरी तुझ्या हातात खरा पुरावा असेल. मळीच्या पाण्यानं ज्याची विहीर खराब झाली तो माणूस माईकवर काय बोलला आणि कागदावर काय आलं, हे बघणारं कुणीतरी असायलाच पाहिजे.

आणि तुझ्यासाठी तर माझ्या मनात आणखी एक विषय आहे. सोलापूरचा उन्हाळा तुला सांगायला नको, आणि पत्र्याच्या शेडमधे यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला तो कसा लागतो ते तुझ्या घरातच दिसतं. उन्हाळ्यासाठी सरकार किंवा महापालिका जे उष्णतेचे कृती आराखडे करतात त्यांमधे बहुतेक वेळा बाहेर उन्हात काम करणारे धरलेले असतात, शेडच्या आतला कामगार सुटून जातो. चादर-टॉवेलच्या कारखान्यातला कामगार, घरी विडी वळणारी बाई, हे दुपारी काय करतात, पाणी कुठून पितात, मालक पंखा लावू देतो का, सुट्टी घेतली तर रोजाचं काय होतं, नळाला पाणी काही दिवसांआड येतं त्याचा याच्याशी संबंध काय? हे प्रश्न शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, जाऊन तेलुगूत विचारू शकेल अशी इंटर्न कुठल्याही दिल्लीच्या संस्थेकडे नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर शहर आहे, महापालिकेनं त्याचा आराखडा केलेला आहे, तोही काढून वाच, त्यात वस्तीतल्या लोकांचं म्हणणं कुठं आहे ते शोध. तुझी तेलुगू बायोडेटात सगळ्यात वर लिही, आणि कन्नड समजत असेल तर तेही लिही, अक्कलकोटकडं उपयोगी पडेल.

कुणाकडे इंटर्नशिप करायची? कॉलेजला साधारण एखादी संस्था आणि तिथला मार्गदर्शक कागदावर लागतो. इथं एक घोळ होतो तो आधीच सांगते, जिल्ह्याचं सोलापूर वनविभागाचं ऑफिस वेगळं आणि माळढोक अभयारण्य बघणारा वन्यजीव विभाग वेगळा, त्याचं मुख्य ऑफिस पुण्यात. चुकीच्या ऑफिसला पत्र दिलं की महिना जातो. अभयारण्याच्या हद्दीत अभ्यास करायचा तर लेखी परवानगी लागतेच, ती नसेल तर हद्दीबाहेरच्या गावांत, रानात बसलेल्या वाड्यांवर बोल, आणि तरीही स्थानिक वनरक्षकाला भेटून सांगून ठेव. संस्था म्हणशील तर पुण्यात पर्यावरणावर काम करणारी कल्पवृक्ष आहे, पाण्याच्या प्रश्नावर सोपेकॉम आहे, मुंबईला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), बेंगळुरूला एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, म्हैसूरला नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, दिल्लीला सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट). सगळीकडं सगळ्या वेळी जागा नसतात, वेबसाइट बघत राहायचं. नीती आयोगाचीही इंटर्नशिप असते, पण तिथं मानधन मिळत नाही. माझा सल्ला असा की “मला तुमच्याकडे यायचंय” असं न लिहिता “मी सोलापुरात राहून हे काम करणार आहे, तुम्ही लांबून मार्गदर्शन कराल का” असं लिही. याला होकार मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्यांना तुझ्या राहण्या-जेवणाची सोय करावी लागत नाही आणि इथली माहिती मिळते.

ईमेल छोटी हवी. “मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे” हे वाक्य मी इतक्या ईमेलमधे वाचलंय की नजर आपोआप पुढं सरकते. असं लिही: “मी सोलापुरात एमए समाजशास्त्र करते. उत्तर सोलापूरमधल्या फिरत्या मेंढपाळांना लांडग्याच्या हल्ल्याची भरपाई का मिळत नाही हे मला समजून घ्यायचंय. जीआर वाचला आहे, त्याचा एक पानी सारांश जोडला आहे. मराठी, तेलुगू, हिंदी बोलते. जानेवारी ते मार्च १२० तास देऊ शकते. आठवड्यातून अर्धा तास फोनवर बोलाल का?” बस. सोबत एक पान जोडलेलं असलं की वाचणाऱ्याला कळतं ही काम करणारी आहे. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण कर, रागावू नकोस, खरंच लोक फील्डवर असतात.

पैशाचं स्पष्ट बोल. इंटर्नशिपसाठी तूच पैसे भर, सर्टिफिकेट देतो, असं म्हणणाऱ्याकडं फिरकू नकोस, असे लोक वाढलेत आणि त्यात आपल्यासारख्या घरातलीच मुलं फसतात. मानधन नसेल तर किमान एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोनचा खर्च द्याल का हे सुरुवातीलाच विचार. विचारण्यात काही कमीपणा नाही. ज्या क्षेत्रात पदरमोड करू शकणारेच टिकतात त्या क्षेत्रात मेंढपाळाच्या आणि विणकराच्या घरातलं कुणी येणारच नाही, आणि मग त्यांच्याबद्दलचे निर्णय त्यांच्याशिवायच होत राहतात. मला याचं फार वाटतं, म्हणून लिहिलं.

इंग्लिशचं म्हणशील तर वाचण्यापुरतं हळूहळू येतंच, कायदे आणि कोर्टाचे निकाल वाचायला ते लागतं, रोज दोन पानं वाच. पण पहिला रिपोर्ट मराठीत लिही, दोन पानांचा वेगळा सारांश काढ, आणि तो ज्यांच्याशी बोललीस त्यांना वाचून दाखव. ते म्हणतील “हे असं नाही, तसं होतं”, ती दुरुस्ती करून मगच वनविभागाला आणि कॉलेजला दे. भरपाईची प्रक्रिया कशी करायची याचं एक पान मोठ्या अक्षरात छापून वाड्यावाड्यावर दे, वाचता येत नसेल तर व्हॉइस मेसेज करून दे, मेंढपाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते बरोबर फिरतं.

घरच्यांसाठी म्हणून: माळावर एकटी जाऊ नकोस, वर्गातली एखादी मैत्रीण जोडीला घे, दोघींचे तास भरतील, एकीनं बोलायचं एकीनं लिहायचं. सकाळी जा, परतीची एसटी आधी विचारून ठेव, कुठल्या गावात आहे ते घरी कळव. आईवडिलांना एकदा सोबत नान्नजला नेऊन आणलंस तर निम्मे प्रश्न मिटतील. आणि कॉलेजकडून तुझी ओळख सांगणारं पत्र, शिक्क्यासकट, आत्ताच मागून ठेव, सेमिस्टर सुरू झालं की विभागप्रमुखांची सही मिळायला आठवडे लागतात.